टोपलीतल्या मोटरी

धाकट्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. लेक दूरदेशी. बाळंतपणाला आमची ही जायची होती, पण तिकीट काढायच्या आठवड्यातच हिला पहिली चक्कर आली आणि जाणं राहून गेलं. त्याची भरपाई म्हणून लेक रोज जुळ्यांचे व्हिडिओ पाठवू लागली. मुलगा जांभई देतोय, मुलगी शिंकतेय, दोघं मिळून घर डोक्यावर घेतायत. मुलाला ही ठोंब्या म्हणायची आणि मुलीला टाचणी. एकेक व्हिडिओ दिवसातून दहा वेळा बघून व्हायचा.

दोन महिन्यांत हिला तीनदा चक्कर आली. आधी काही कळायचं नाही. बोलता बोलता दिवा गेल्यासारखी खाली बसायची आणि मिनिटाभराने डोळे उघडून मलाच विचारायची, "असे काय बघताय?"

हृदयाच्या डॉक्टरांकडे गेलो. तपासताना ठोके अगदी शहाण्यासारखे पडत होते. डॉक्टर म्हणाले, "आजी, मधेच तुमचं हृदय काही क्षण थांबतं अशी मला शंका आहे. तसं असेल तर ठोका देणारं लहानसं यंत्र छातीत बसवायचं. पण यंत्रासाठी रांग मोठी आहे आणि नुसत्या शंकेवर रांगेत नाव लागत नाही. थांबलेलं कागदावर दिसलं, की दुसऱ्या दिवशी तुमचं नाव वर."

त्यासाठी हिच्या छातीवर बिस्किटाएवढी एक पट्टी चिकटवली. सोमवार ते सोमवार ती काढायची नाही. पट्टी ठोके टिपणार, माझ्या फोनला देणार, आणि फोन ते दवाखान्यात पाठवणार. पट्टी लावणाऱ्या सिस्टरने बजावलं, फोन चार्ज असला पाहिजे आणि आजींपासून दहा पावलांच्या आत असला पाहिजे. मग तिने विचारलं, "फोनमध्ये जागा आहे ना, आजोबा?"

मी हो म्हणालो. फोन हा एक खोका आहे आणि खोका भरतो, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

ही माझ्या फोनला सवत म्हणायची. मी सारखा तो कानाला लावून बसायचो म्हणून. पट्टी लावून घरी आलो तेव्हा म्हणाली, "बघा, काय दिवस आले. सवतीला उशाशी घेऊन झोपायचं."

मी फोन कानाला का लावून बसायचो ते सांगतो. बेचाळीस वर्षं मी लिफ्ट दुरुस्त केल्या. लिफ्ट बिघडण्याच्या आधी तिचा आवाज बिघडतो. बेअरिंग झिजलं की मोटर घसा बसल्यासारखी गुरगुरते, ब्रेक उशिरा सुटला की 'टक्' ऐवजी 'टकक्' येतं. मला लिहिता येत नव्हतं, म्हणून मी नोंदी ठेवत नसे, आवाज ठेवत असे. आधी छोट्या टेपवर, मग फोनवर. लिफ्ट ठणठणीत असताना तिचा आवाज भरून घ्यायचा. पुढे कुणी तक्रार केली की नवा आवाज जुन्याशेजारी लावून ऐकायचा. फरक कुठे आहे ते कान सांगतो. एकोणसाठाव्या वर्षी हिनेच मला अक्षरं शिकवली, पण तोवर फोनात साडेतीनशे मोटरी जमल्या होत्या आणि सगळ्यांना नुसते नंबर होते. नावं द्यायची राहिली ती राहिलीच. माझ्यामागे भाचा ते काम करतो. तोही अधूनमधून फोन करायचा, "मामा, दाताच्या दवाखान्याच्या इमारतीचा आवाज पाठवा ना."

सोमवार, मंगळवार, बुधवार नीट गेले. पट्टीचं चिन्ह हिरवं होतं. हिला एकदाही चक्कर आली नाही, आणि आम्ही दोघं मनातल्या मनात ती यायची वाट बघत होतो. बायकोला चक्कर यावी म्हणून वाट बघणं फार विचित्र असतं. ही पाण्याचा तांब्या उचलायची तरी माझं लक्ष तिच्या गुडघ्यांकडे.

गुरुवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी ही तोंड धूत होती. नळ वाहत राहिला आणि ती खाली आली. कडेवर काढून ठेवलेला चष्मा तिच्या हाताने बेसिनमध्ये आपटला, दोन्ही काचा फुटल्या. कपाळाला लागलं नाही हे नशीब. मी तिला धरलं, गाल थोपटले. माझ्या हिशोबाने वीसेक सेकंदांनी ती परत आली.

"आली का?" तिने विचारलं.

"आली," मी म्हणालो.

"मग सुटले." आणि हसली. मला हसू येईना.

सिस्टरला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, पडूनच राहू द्या, पुन्हा आली तर ताबडतोब घेऊन या, आणि वेळ लिहून ठेवा. मी वेळ लिहिली. हिला पलंगावर निजवलं, फोन उशाशी ठेवला. तोंड खाली करून ठेवला, उजेडाने तिला त्रास नको म्हणून.

साडेअकराला फोन उलटा केला तर चिन्ह लाल. त्याखाली दोन ओळी होत्या. मी एकेक अक्षर जोडत मोठ्याने वाचल्या. "फोनमधील जागा संपली आहे. ६ वाजून ४० मिनिटांपासून नोंद थांबली आहे."

सहा चाळीस म्हणजे चक्कर यायच्या दीड तास आधी.

सिस्टरला पुन्हा फोन केला. त्या दोन ओळी तिला वाचून दाखवल्या.

"घाबरू नका आजोबा," ती म्हणाली. "फोनने घेतलं नाही तरी पट्टी स्वतःकडे सहा तासांचं सांभाळून ठेवते. त्यापुढे मात्र नवं आलं की सगळ्यात जुनं पुसत जाते. चक्कर किती वाजता आली?"

"आठ दहा."

"म्हणजे दोन दहापर्यंत ती पट्टीत आहे. त्याआधी फोनमध्ये जागा करा. निदान दोन जीबी तरी. जागा झाली की पट्टी आपोआप सगळं देऊन टाकेल."

"तुम्हीच तिथून करा ना काहीतरी."

"इथून नाही होत हो. घरात कुणी पोरंसोरं आहेत का?"

नव्हती. लेकीकडे रात्र होती, तिचा फोन बंद. भाच्याला पुन्हा पुन्हा लावला, लागला नाही. तो कुठल्यातरी लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला असणार, तिथे फोन लागत नाही. खाली मोबाईलचं दुकान होतं, पण फोन हिच्यापासून दहा पावलांपलीकडे न्यायचा नव्हता, आणि हिला एकटी टाकून मला जायचं नव्हतं. हिने वाचून दाखवलं असतं तर पाच मिनिटांचं काम, पण चष्म्याच्या काचा बेसिनमध्ये पडलेल्या.

मी पलंगाच्या कडेला बसलो. ती म्हणाली, "तुम्ही वाचा, मी सांगते. जोडाक्षर आलं की थांबा, घाई करू नका."

"घाई करू नका म्हणे. पावणेबारा वाजले."

"मग भांडू नका."

फोनात कुठे काय आहे ते उघडलं. मी वाचत गेलो. फोटो, व्हिडिओ, आवाज. ती म्हणाली, "आवाज. तुमच्या मोटरी काढा आधी."

"त्या भाच्याला लागतात."

"अहो, मला लागतंय आत्ता."

मी मोटरी उघडल्या. पण नंबरांवरून कुठली मोटर कुठली ते कसं कळणार? पाडलेल्या इमारती काढाव्यात, चालू असलेल्या ठेवाव्यात, असं ठरवलं. म्हणजे प्रत्येक आवाज लावून ऐकणं आलं. चार सेकंद पुरायचे. हा कापडगिरणीचा मालवाहू, गिरणी पाडली, काढा. ही वकिलांची इमारत, राहू द्या. हा हॉटेलचा डावीकडचा, दोर बदलायच्या आधीचा, काढा.

पहिला आवाज पुसायला गेलो तेव्हा फोनने प्रश्न विचारला. तो वाचायला मला बराच वेळ लागला. 'कायमचे पुसायचे, की तीस दिवस टोपलीत ठेवायचे?'

मला फोनचं कौतुक वाटलं. आमच्या कामाचा हाच नियम होता. मशीनमधून काढलेला भाग महिनाभर टाकायचा नाही. नवा भाग महिना चालला, की मग जुना भंगारात. ज्याच्या हाताखाली मी शिकलो त्या मिस्त्रीने पहिल्याच दिवशी हे माझ्या कानात घातलं होतं, आणि त्या नियमाने मला किमान सहा वेळा वाचवलं. नवं बेअरिंग आठवड्यात फुटतं, जुनं आणखी दोन दिवस काम देतं, तेवढ्यात दुसरं येतं. मी 'टोपलीत ठेवा' दाबलं.

"काय विचारत होता?" हिने विचारलं.

मी सांगितलं.

"कायमचं टाकून द्या ना एकदाचं!"

"काढलेला भाग महिनाभर—"

"माहीत आहे. घरातल्या सगळ्या खणांत तुमचे ते भाग आहेत. सुया ठेवायला जागा नाही मला." मग म्हणाली, "मला काढलंत तरी महिनाभर फेकू नका म्हणजे झालं."

"असलं बोलू नकोस."

"मग हात चालवा."

हात चालवला. ऐक, ओळख, काढ, टोपलीत. ऐक, ओळख, ठेव. बारा वाजून गेले, साडेबारा झाले. खोलीत एकामागून एक मोटरी गुरगुरत होत्या आणि ही डोळे मिटून पडली होती. मधेच तिचा श्वास ऐकू येईना, की मी आवाज थांबवून वाकायचो. "जिवंत आहे," ती डोळे न उघडता म्हणायची. "पुढचा लावा."

एक वाजता बघितलं, एकशे साठ मोटरी काढून झाल्या होत्या. चिन्ह लालच. मोकळी जागा किती ते वाचलं, तर आकडा सकाळचाच.

"असं कसं?" मी म्हणालो. "दीडशेवर मोटरी काढल्या."

"पुरेशा नसतील. सगळ्या काढा आता. ऐकत बसू नका."

मी न ऐकता काढायला लागलो. वकिलांची इमारत गेली, दाताचा दवाखाना गेला, ग्रंथालयाची लिफ्ट गेली, जिच्या ब्रेकसाठी मी एक अख्खा उन्हाळा घालवला होता. टोपलीत आहेत, महिनाभर कुठे जात नाहीत, अशी स्वतःची समजूत घालत होतो. दीड वाजता एकही मोटर उरली नाही. आकडा हलला नव्हता. माझ्या हातांना घाम सुटला होता, आणि ओल्या बोटाने फोन ऐकत नाही. तो सदऱ्याला पुसायचा, पुन्हा दाबायचं, पुन्हा पुसायचा.

ही उशीवर जरा वर सरकली. मग म्हणाली, "ठोंब्या आणि टाचणी."

"नको. लेकीकडून पुन्हा मागवता येतील म्हणावं, तर तिनेही पुसले असले तर?"

"नको म्हणू नका. फक्त तो शिंकेचा राहू द्या. बाकीचे काढा." आणि लगेच, "थांबा. एकदा लावा."

"अगं, वेळ नाही!"

"दिसत नाहीच मला. ऐकते नुसतं."

प्रत्येक व्हिडिओचे दोन क्षण ऐकवायचे आणि काढायचा. रडणं, उचकी, लेकीचं 'आजीला टाटा कर', काढ. मध्येच ती म्हणाली, "हा ठोंब्या नाही, ही टाचणी रडतेय," आणि मला वाटलं, हिला डोळ्यांची गरजच नव्हती, पोरांचे आवाज ती मोटरींसारखे ओळखत होती. एक पंचेचाळीस. एक पन्नास. शिंकेचा तेवढा उरला. आकडा जागचा हलेना.

मी हात टेकले. फोन मांडीवर ठेवून बसून राहिलो. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बघवेना. एक मनात आलं, फोन बिघडलाय. दुसरं मनात आलं, मीच काहीतरी चुकीचं वाचतोय. बेचाळीस वर्षं बंद पडलेल्या लिफ्टमधल्या लोकांना मी वरून ओरडून सांगत आलो, घाबरू नका, पाच मिनिटांत काढतो. आत अडकलेल्याला ती पाच मिनिटं कशी वाटत असतील, ते मला त्या दिवशी कळलं.

दोन वाजून दोन मिनिटांनी फोन वाजला. भाचा.

"मामा, सात वेळा फोन? मामी बरी आहे ना?"

मी जमेल तसं सांगितलं. शब्द एकमेकांवर आदळत होते. तो मधेच म्हणाला, "थांबा थांबा. मोटरी काढल्या, व्हिडिओ काढले. टोपली रिकामी केली का?"

"टोपली कशाला? ती तीस दिवसांची आहे. महिनाभर—"

"मामा!" तो इतक्या जोरात ओरडला की पलंगावर ही दचकली. "टोपली फोनच्याच पोटात असते! तुम्ही जुना भाग काढून त्याच मशीन रूममध्ये ठेवलात. एक इंचही जागा झाली नाही!"

मी फोन पुन्हा डोळ्यांसमोर धरला.

"आता मी सांगतो तसं करा. फोन ठेवू नका, मला स्पीकरवर टाका. मागे जा. टोपलीचं चित्र दिसतंय?"

"दिसतंय."

"दाबा. खाली काय लिहिलंय?"

"स... सर्व. सर्व का... कायमचे—"

"तेच! दाबा तेच!"

फोनने पुन्हा विचारलं, नक्की का. हा प्रश्न तर मी वाचलाही नाही, 'हो' दाबलं. एक गोल फिरायला लागला. मी भाच्याला सांगितलं, गोल फिरतोय. तो म्हणाला, फिरू द्या. ही म्हणाली, "किती वाजले?" दोन सात. गोल फिरत होता. दोन दहा झाले. साडेतीनशे मोटरी आणि नातवंडांचे दोन महिने त्या गोलात जात होते, आणि मी मनात म्हणत होतो, जा, लवकर जा, अजून लवकर.

दोन सोळाला गोल थांबला. चिन्ह हिरवं झालं. 'नोंद घेतली जात आहे.'

"झालं," मी म्हणालो.

"सहा मिनिटं," ही म्हणाली. तिने मनात मोजलं होतं. "सहा मिनिटं म्हणजे काही फार नाहीत हो. यंत्रं एवढी काटेकोर कुठे असतात."

"नसतात," मी म्हणालो. यंत्रं काटेकोरच असतात, हे मला तिच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

सोमवारपर्यंत आम्ही त्या सहा मिनिटांबद्दल बोललो नाही. बोलायचं ते चष्म्याबद्दल. नव्या काचा आल्या तेव्हा तिने पहिल्यांदा शिंकेचा व्हिडिओ लावला, मग म्हणाली, "आता हा नीट बघायला वेळ मिळतो. आधी गर्दी होती."

सोमवारी सिस्टर बाहेर हिची पट्टी काढत होती, तोवर डॉक्टरांनी माझ्यासमोर कागद पसरला. लांबच्या लांब, बारीक रेघ. गुरुवारच्या जागी रेघ तुटली होती. सहा चाळीसला तुटलेली, ती आठ सोळाला पुन्हा सुरू. त्यापुढे सगळे ठोके समान अंतरावर, ओळीने, जसं काही घडलंच नव्हतं.

"याच्या आधीचं काही?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "माझ्यामुळे गेलं." आणि मी टोपलीचं सांगितलं. मोटरींचं, महिनाभराच्या नियमाचं, सगळं.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "आजोबा, आठवडा आणखी एक. पुन्हा पट्टी लावू. चक्कर आली हे मला पटतंय. मी वरती चिठ्ठी लिहितो, पण कागद लागेल."

बाहेर येताना हिने विचारलं, "काय सांगत बसला होतात एवढं?"

"माझी चूक सांगत होतो."

"चूक कसली? दोघांची मिळून होती. मीही बसलेच की ऐकत एकेक." आणि रस्ता ओलांडताना तिने माझा दंड धरला. एरवी तिला ते आवडत नसे.

त्या दुसऱ्या आठवड्यात मी फोनची अशी काळजी घेतली, जशी कुठल्या लिफ्टची घेतली नव्हती. तासातासाला जागा वाचायचो. सत्तावीस जीबी मोकळी. लेकीला सांगितलं, काही पाठवू नकोस. भाच्याला सांगितलं, फोन करू नकोस, काम असेल तर दारात ये. तो मंगळवारी आला, दारातच उभा राहून हिच्याशी बोलला. ही त्याला म्हणाली, "तुझ्या मामाच्या मोटरी गेल्या रे माझ्यापायी." तो म्हणाला, "मामी, मी नव्या भरतो. तुम्ही बऱ्या व्हा, म्हणजे मामा ऐकायला मोकळे." ती म्हणाली, "मोकळे कुठले, सवत आहे ना."

बुधवारी सकाळी ती खिडकीजवळ खुर्चीत बसून धुतलेले कपडे घडी घालत होती. फोन तिच्याशेजारच्या टेबलावर होता, दोन पावलांवर. चार्ज होता. चिन्ह हिरवं होतं. मी समोर बसून तिने दिलेले मोजे जोडत होतो. ती म्हणाली, "यातला एक कुठे गेला बघा," आणि हातातला सदरा तसाच धरून एका बाजूला कलली. मी वीस सेकंद मोजले. मग तीस. मग मोजणं सोडून फोन उचलला आणि दवाखान्याची गाडी बोलावली.

शुक्रवारी सिस्टरचा फोन आला. डॉक्टरांना भेटून जा म्हणाली. मी गेलो. त्यांनी कागद पसरला. सोमवार, मंगळवार, बुधवार, सगळा अखंड, कुठेही रेघ तुटलेली नाही. ठोके पडत होते, पडत होते, आणि मग पुढे सरळ रेघ. डॉक्टरांनी त्या जागेवर बोट ठेवलं, काढलं. म्हणाले, "या वेळी नोंद पूर्ण आली आहे." मी कागदाची एक प्रत मागितली. त्यांनी दिली.

माझी बायको नोव्हेंबरच्या अठरा तारखेला, बुधवारी, सकाळी दहा वाजून एक्केचाळीस मिनिटांनी गेली. तिचं वय सदुसष्ट होतं.